नायपॉल वाचायचा कसा : नागपुरातल्या वाचनवर्गासाठी काही व्यवहार्य सूचना

व्ही. एस. नायपॉल या ट्रिनिडाडमध्ये जन्मलेल्या, भारतीय वंशाच्या लेखकावर वाचनवर्ग घ्यायचं ठरलं की पहिल्याच बैठकीत भांडण होतं. कुणी म्हणतं, हा माणूस भारताला शिव्या घालणारा. कुणी म्हणतं, यानंच खरं सांगितलं. दोघांनीही बहुतेक वेळा पुस्तक उघडलेलं नसतं, मुलाखती आणि कात्रणं वाचलेली असतात. म्हणून या वर्गाचा क्रम ठरवताना एकच गोष्ट पाळायची : आधी वाक्य, मग वाद. वाद टाळायचा मात्र नाही. तो टाळला तर वर्ग मिळमिळीत होतो आणि नायपॉल निम्माच हाती लागतो. ज्या कोरड्या, बिनविशेषणाच्या वाक्यानं त्याच्या गोष्टी जिवंत केल्या, त्याच वाक्यानं त्याच्या घरच्या, म्हणजे ट्रिनिडाडच्या, माणसांना जखम केली. वर्गातल्या प्रत्येकाला हे स्वतःच्या पेन्सिलीनं दिसलं पाहिजे, तुम्ही सांगून नव्हे.

माणसं, जागा, वेळ

आठ ते बारा माणसं पुरेत. आठच्या खाली गेलात तर एक बैठक लग्नसराईत बुडते. बाराच्या वर गेलात तर मोठ्यानं वाचायची पाळी प्रत्येकावर येत नाही, आणि न वाचणारा माणूस हळूहळू फक्त मतं मांडायला लागतो. बैठका सहा, दर दुसऱ्या रविवारी, सकाळी साडेनऊ ते साडेअकरा. सुरुवात दिवाळीनंतर करा, म्हणजे फेब्रुवारीपर्यंत वर्ग आटोपतो. मार्चच्या शेवटी नागपुरात भर दुपारी घरी परतायचं म्हटलं की हजेरी निम्म्यावर येते. डिसेंबरात विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन असतं. त्या दिवसांत सीताबर्डी आणि सिव्हिल लाइन्सचे रस्ते मोर्चांमुळे कधी बंद होतील सांगता येत नाही, म्हणून बैठक रविवारीच ठेवा आणि एखाद्या आठवड्याच्या संध्याकाळी हलवण्याचा मोह टाळा.

जागेसाठी झाशी राणी चौकातल्या विदर्भ साहित्य संघाच्या संकुलात किंवा आपल्या भागातल्या वाचनालयात लहान खोली मिळते का ते आधी विचारा. मेट्रो अगदी चौकापर्यंत येते, त्यामुळे वर्धा रोडकडची आणि हिंगणा रोडकडची मंडळीही वेळेवर पोचू शकतात. सभागृह नको. मंच आणि माइक आले की भाषण येतं. एक लांब टेबल किंवा खुर्च्यांचं कडं, भरपूर उजेड, प्रत्येकाकडे पेन्सिल. तर्री-पोहे बैठकीनंतर. आधी ठेवले तर साडेदहाशिवाय पुस्तक उघडत नाही, हे नागपूरकरांना वेगळं सांगायला नको.

कोणती पुस्तकं, किती प्रती

मुख्य पुस्तक एकच : ‘मिगेल स्ट्रीट’, १९५९. सतरा छोट्या गोष्टी, एकच गल्ली, एकच निवेदक. याची प्रत प्रत्येकाकडे हवी, कारण तिच्यावर खुणा करायच्या आहेत. ‘अ हाउस फॉर मिस्टर बिस्वास’ (१९६१), ‘द मिडल पॅसेज’ (१९६२), ‘ॲन एरिया ऑफ डार्कनेस’ (१९६४) आणि ‘इंडिया : अ मिलियन म्यूटिनीज नाऊ’ (१९९०) यांची दोघांत एक प्रत चालेल. या पुस्तकांच्या आवृत्त्या अनेक आहेत आणि पानांचे आकडे जुळत नाहीत. ‘पान ४२ काढा’ म्हटलं की पाच मिनिटं जातात. त्याऐवजी गोष्टीचं नाव आणि परिच्छेदाचा क्रम सांगा. पहिल्या बैठकीआधी सगळ्यांना आपापल्या प्रतीत समासात परिच्छेदांना आकडे घालून आणायला सांगितलं तर काम फार सोपं होतं.

पीडीएफ गटावर टाकू नका. नायपॉल ११ ऑगस्ट २०१८ रोजी गेला. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं स्वामित्वहक्क राहतो, म्हणजे त्याची पुस्तकं २०७८ संपेपर्यंत मोकळी होत नाहीत. बैठकीत उतारा वाचणं वेगळं, अख्खं पुस्तक वाटणं वेगळं. वर्गात केलेलं भाषांतर वर्गातच ठेवायचं. ते कुठे छापायचं असेल तर आधी परवानगी घ्यावी लागते.

पहिली बैठक : ओळख करून देऊ नका

चांगल्या मनाचा संयोजक इथे चुकतो. तो लेखकाचं चरित्र सांगून सुरुवात करतो : ट्रिनिडाड, गिरमिटिये (करारबद्ध मजूर), ऑक्सफर्ड, नोबेल. मग लोक गोष्टीत चरित्र शोधत बसतात. पहिल्या दिवशी फक्त एवढंच सांगा की कॅरिबियन समुद्रातल्या एका बेटावरची, पोर्ट ऑफ स्पेन शहरातली ही गल्ली आहे आणि सांगणारा एक पोरगा आहे. आणि ‘बोगार्ट’ वाचायला घ्या, मोठ्यानं, एकेकानं एकेक पान.

मोठ्यानं का, याला कारण आहे. नायपॉल १९५४ पासून लंडनला बीबीसीच्या ‘कॅरिबियन व्हॉइसेस’ या कार्यक्रमाचं काम बघत होता. या पुस्तकाचं पहिलं वाक्य त्यानं तिथल्याच एका खोलीत, नभोवाणीच्या संहितेसाठी वापरत त्या न सळसळणाऱ्या कागदावर टाइप केलं, असं त्यानंच पुढे लिहिलं आहे. मायक्रोफोनपुढे पान उलटताना आवाज होऊ नये म्हणून तसला कागद असे. दर आठवड्याला इतरांचं लेखन वाचून घेणाऱ्या, ऐकणाऱ्या माणसाचं हे वाक्य आहे. ते कानाला आधी कळतं.

वाचताना एक अडचण नक्की येईल. गल्लीतला हॅट आपल्या व्हरांड्यातून बोगार्टला हाक मारतो, त्यात क्रियापदाचा एक तुकडा गळलेला आहे. लोकांना ती छपाईची चूक वाटते, आणि शाळेत इंग्रजी शिकवलेली मंडळी ती वाचता वाचता दुरुस्तही करून टाकतात. त्यांना थांबवा. ती ट्रिनिडाडची बोली आहे. निवेदन प्रमाण इंग्रजीत आणि संवाद बोलीत, अशी त्याची विभागणी आहे. ‘काय करून राहिला बे?’ हे वाक्य पुण्याच्या संपादकानं ‘काय करतो आहेस?’ असं केलं तर काय हरवतं, हे नागपूरच्या वाचकाला समजवावं लागत नाही. पण इथेच दुसरा धोका आहे : आपल्याला समजलं या आनंदात हॅटला वऱ्हाडी बोलायला लावायचा. एकदोनदा गंमत म्हणून ठीक. पूर्ण गोष्ट तशी केली की पोर्ट ऑफ स्पेनचं महाल-इतवारी होतं आणि बेट पुसलं जातं.

वाचन झालं की पेन्सिली. एक पान निवडा आणि तीन खुणा करा : विशेषणाखाली रेघ, क्रियाविशेषणाभोवती गोल, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी शब्दांची संख्या. वीस मिनिटं शांतता. मग आकडे फळ्यावर मांडा. रेघा किती थोड्या पडल्या हे पाहून लोक चकित होतात. त्याहून महत्त्वाची गोष्ट आकड्यांत दिसते : सगळी वाक्यं लहान नाहीत. चार शब्दांच्या वाक्यामागे वीस शब्दांचं येतं, मग पुन्हा लहान. लय त्या चढउतारात आहे. ‘नायपॉल म्हणजे छोटी वाक्यं’ हा समज त्याच दिवशी गेला पाहिजे. १९८७ च्या ‘द एनिग्मा ऑफ अरायव्हल’मध्ये तर तो तीच वाट, तेच कुंपण पुन्हा पुन्हा सांगत लांब वाक्यांनी फिरत राहतो आणि तरीही शब्द साधेच असतात. काटकसर शब्दांच्या जातीत आहे, वाक्याच्या मापात नाही.

संवादांनंतरची क्रियापदंही मोजा. तो जवळजवळ सगळीकडे नुसतं ‘म्हणाला’ यावर भागवतो. आपल्याकडे पात्रं उद्गारतात, पुटपुटतात, कडाडतात, गरजतात. रागावलेलं वाक्य चांगलं लिहिलेलं असेल तर कडाडण्याची गरज नसते.

दुसरी बैठक : आपल्या गल्लीवर करून पाहा

वाचून कळणारी गोष्ट नाही ही, लिहून कळते. घरी करायला काम द्या : आपल्या मोहल्ल्यातला एक माणूस, सव्वाशे शब्दांच्या आत. बारा शब्दांपेक्षा मोठं वाक्य नाही, विशेषणं जास्तीत जास्त तीन, उपमा शून्य. नाव आणि ओळख बदलून लिहायला सांगा. नाहीतर दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याशी भांडण, आणि तेही नायपॉलचं नाव घेऊन.

पहिल्या खेपेला साधारण असं काहीतरी येतं :

‘धरमपेठेच्या त्या गजबजलेल्या, रंगीबेरंगी चौकात, एका जुनाट, डेरेदार कडुनिंबाच्या शीतल सावलीत बसून, आयुष्याचे असंख्य चटके सोसलेले म्हातारे गणपतराव वर्षानुवर्षे मोठ्या निष्ठेने सायकली दुरुस्त करत होते.’

पंचवीस शब्द, त्यांत नऊ विशेषणं. माणूस मात्र दिसत नाही, लिहिणाऱ्याची माया दिसते. आता हाच मजकूर नियमात :

‘गणपतराव चौकातल्या कडुनिंबाखाली सायकली दुरुस्त करत. दुकान नव्हतं. पंप, पाण्याचं घमेलं आणि रबराच्या तुकड्यांचा डबा, एवढंच. पंक्चरचे पैसे ते चाक फिरवून पाहिल्यावर घेत. एकदा एका पोरानं पैसे आधीच पुढे केले. गणपतरावांनी हात मागे घेतला.’

निष्ठा हा शब्द गेला आणि निष्ठा आली. ‘आयुष्याचे चटके’ गेले, त्यानं काही बिघडलं नाही.

या अभ्यासात ठरलेल्या जागी गाडी अडते, म्हणून त्या आधीच ओळखून ठेवा. पहिली जागा : मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे वाक्यं लहान केली की ‘होता’, ‘होतं’, ‘होती’ यांची रांग लागते आणि मजकूर हजेरीपटासारखा वाचला जातो. यावर उपाय म्हणजे ‘करत’, ‘घेत’, ‘बसे’ ही रीतिभूतकाळाची रूपं, मधे एखादं क्रियापद नसलेलं वाक्य, मधे एक संवाद. दुसरी : कर्ता गाळायची आपल्याला सवय आहे. सलग तीन वाक्यांत कर्ता नसेल आणि गोष्टीत दोन पुरुष असतील तर कोण काय करतंय ते कळत नाही. लहान वाक्यात नाव परत लिहायला लाजू नका, नायपॉल लाजत नाही. तिसरी जागा सर्वांत चिवट. प्रत्येक परिच्छेद टाळी घेणाऱ्या वाक्यावर संपवायचा सोस. वक्तृत्व स्पर्धांत वाढलेल्या पिढीचा हा दोष आहे आणि त्यावर एकच औषध लागू पडतं : शेवटचं वाक्य झाकून परिच्छेद वाचायचा. काही कमी झालं नाही, तर ते वाक्य काढायचं. वरच्या उताऱ्यातलं हात मागे घेण्याचं वाक्य काढून पाहा. निष्ठाही त्याच्याबरोबर जाते, म्हणून ते राहिलं.

‘गरागरा’, ‘लगबगीनं’, ‘हळूहळू’ असे शब्द विशेषणांच्या मोजणीतून सुटतात. तेही मोजा.

बैठकीचा उरलेला वेळ ‘मॅन-मॅन’, ‘बी. वर्डस्वर्थ’ आणि ‘हिज चोझन कॉलिंग’ या तीन गोष्टींना. तिन्हींत हसू येतं आणि कुठेतरी थांबतं. प्रत्येकानं आपलं हसू नेमकं कोणत्या परिच्छेदाला थांबलं तिथे उभी रेघ मारायची. इलायसला डॉक्टर व्हायचं असतं आणि शेवटी तो कचऱ्याच्या गाडीवर जातो. कवी म्हणवणारा वर्डस्वर्थ महिन्याला एक ओळ लिहितो. रेघा एका जागी पडत नाहीत. मंगळवारी ज्यांच्या मुलाचा निकाल लागायचा आहे त्यांची रेघ फार आधी पडते. त्यावर चर्चा होऊ द्या, मधे बोलू नका. शेवटी ‘हाऊ आय लेफ्ट मिगेल स्ट्रीट’ वाचा. निवेदक विमानाकडे चालत जातो, मागे वळून बघत नाही. इथे काही टिप्पणी करू नका. पुढे ती जागा कामाला येणार आहे.

बिस्वास : फक्त दोन तास

ही कादंबरी मोठी आहे आणि अनेकांच्या मते त्याची सर्वोत्तम. पण वर्गात ती पूर्ण घ्यायला गेलात तर डिसेंबर संपतो. फक्त प्रस्तावनेचं प्रकरण आणि हनुमान हाउसमधलं, म्हणजे बिस्वासच्या सासरच्या घरातलं, एखादं प्रकरण घ्या. पहिलं वाक्य फळ्यावर लिहा आणि त्यात किती माहिती आहे ते मोजायला सांगा : मरणाआधीचे दहा आठवडे, नाव, पत्रकारीचा धंदा, गल्ली, भाग, शहर आणि नोकरी गेल्याची बातमी, अगदी शेवटच्या शब्दात. ही रचना मराठीत जशीच्या तशी बसते, कारण आपलं क्रियापद आपोआप शेवटी येतं. मागच्या बैठकीत जे क्रियापद त्रास देत होतं तेच इथे धक्का देतं. बिस्वासच्या मागे नायपॉलचे वडील सीपरसाद आहेत, ‘ट्रिनिडाड गार्डियन’चे बातमीदार आणि स्वतः गोष्टी लिहिणारे. हनुमान हाउसच्या मागे ट्रिनिडाडमधल्या चगुआनास गावातला नायपॉलच्या आजोळचा ‘लायन हाउस’. आता चरित्र सांगायला हरकत नाही, लोक गोष्टीत शिरून झालेत.

घरचा राग : चौथी बैठक

या बैठकीला एक कागद तयार ठेवा, सगळ्यांना एकेक. त्यावर एवढंच असावं. ३० मे १८४५ : ‘फातेल रझाक’ जहाज हिंदुस्थानातले पहिले करारबद्ध मजूर घेऊन ट्रिनिडाडला लागलं. १९१७ : ही पद्धत बंद. तोवर सुमारे १ लाख ४४ हजार लोक तिथे गेलेले, बहुतेक आजच्या उत्तर प्रदेश-बिहारातले. १९३२ : नायपॉलचा जन्म, चगुआनास. १९५० : सरकारी शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्ड. त्यानंतर मुक्काम इंग्लंडातच. १९६० : ट्रिनिडाडच्या सरकारच्या खर्चानं कॅरिबियनचा प्रवास. १९६२ : त्या प्रवासाचं पुस्तक ‘द मिडल पॅसेज’, आणि त्याच वर्षी ३१ ऑगस्टला ट्रिनिडाड-टोबॅगो स्वतंत्र. २००१ : नोबेल. खाली एक ओळ : त्या देशाची आजची लोकसंख्या सुमारे १४ लाख, म्हणजे २०११ च्या जनगणनेतल्या नागपूर शहराहूनही बरीच कमी.

ही शेवटची ओळ कोरडी वाटते पण कामाची आहे. एवढ्याशा देशातून एक मुलगा लंडनला जाऊन जगप्रसिद्ध होतो तेव्हा त्याचं प्रत्येक वाक्य घरच्या पत्रासारखं वाचलं जातं. आणि या पत्रात, म्हणजे ‘द मिडल पॅसेज’मध्ये, त्यानं लिहिलं की इतिहास कर्तृत्व आणि निर्मिती यांवर उभा राहतो, आणि वेस्ट इंडिजमध्ये काहीही निर्माण झालं नाही. स्वातंत्र्याच्या तोंडावर, सरकारच्याच पैशानं केलेल्या प्रवासानंतर.

आता पहिल्या बैठकीतल्या तीन खुणा या वाक्यावर करायला सांगा. विशेषण नाही. क्रियाविशेषण नाही. ‘बहुधा’, ‘मला वाटतं’, ‘निदान अजून तरी’ असला एकही शब्द नाही. गोष्टीत ही काटकसर माणसाला मोकळं सोडते : लेखक मत देत नाही, म्हणून इलायसबद्दल आपल्याला जे वाटायचं ते वाटतं. प्रवासवर्णनात तीच काटकसर निकालपत्र होते, कारण आता मत हेच वाक्य आहे आणि त्याला कुठे फटच ठेवलेली नाही. सगळ्या वर्गाचा कणा हा आहे. इथे अर्धा तास गेला तरी जाऊ द्या.

मग पुरावा उलटा तपासायला सांगा. ‘मिगेल स्ट्रीट’ पुन्हा उघडा आणि कॅलिप्सोच्या, म्हणजे ट्रिनिडाडच्या लोकगाण्यांच्या, ओळी शोधा. त्या ठिकठिकाणी सापडतात. एका गोष्टीचं नावच राजा आठव्या एडवर्डच्या राज्यत्यागावरच्या कॅलिप्सोतून घेतलेलं आहे. कॅलिप्सो त्या बेटाचा, तेलाच्या पिंपांतून घडवलेलं स्टीलपॅन हे वाद्यही त्याच बेटाचं. म्हणजे ज्या भूमीनं काही निर्माण केलं नाही असं तो म्हणतो, तिच्याच गाण्यांवर त्याच्या पुस्तकाचं छप्पर उभं आहे. हा मुद्दा तुम्ही सांगू नका. ओळी शोधणाऱ्यांपैकी कुणीतरी तो आपणहून मांडतं. तसा मांडला गेला तर वर्ग नीट चालला आहे असं समजा.

घरच्यांनी काय उत्तर दिलं, तेही वाचायला हवं. बार्बाडोसचे जॉर्ज लॅमिंग यांनी १९६० मध्येच, म्हणजे त्या प्रवासवर्णनाच्या आधी, त्याच्या विनोदाला पळपुटा ठरवलं होतं. सेंट लुसियाचे कवी डेरेक वॉलकॉट यांनी त्याच्या आडनावाची मोडतोड करून ‘नाइटफॉल’ केलं आणि २००८ मध्ये जमैकातल्या साहित्य महोत्सवात त्याच्यावर ‘द मंगूस’ ही चावरी कविता वाचली. कृष्णवर्णीयांबद्दलचा त्याचा तिरस्कार हा या रागाचा मोठा भाग आहे. त्याला ‘गैरसमज’ म्हणून गुंडाळू नका. नोबेल जाहीर झालं तेव्हाच्या निवेदनात त्यानं इंग्लंडला आपलं घर आणि भारताला पूर्वजांचं घर म्हटलं, ट्रिनिडाडचं नाव घेतलं नाही. तेही तिथे लागलं. दुसऱ्या पारड्यात हे टाका : त्याच वर्षीच्या नोबेल व्याख्यानाचा मोठा भाग चगुआनासबद्दल आहे, देशानं त्याला ट्रिनिटी क्रॉस हा तेव्हाचा सर्वोच्च सन्मान दिला, आणि पोर्ट ऑफ स्पेनच्या नेपॉल स्ट्रीटवरचं त्याचं घर स्मारक म्हणून जपलं गेलं. राग आणि अभिमान एकाच घरात राहतात, हे विदर्भातून मुंबई-पुण्याला गेलेल्या लेखकांच्या वाचकांना नवीन नाही.

पाचवी बैठक : इथे खुर्च्या तापतात

आता भारत. एका बाजूला महालातलं संघाचं मुख्यालय, दुसऱ्या बाजूला दीक्षाभूमी असलेल्या या शहरात ही बैठक थंडपणे होणार नाही, आणि व्हायचंही कारण नाही. फक्त एक नियम आधी जाहीर करा : पुस्तकातला परिच्छेद वाचून दाखवल्याशिवाय मत मांडायचं नाही. मुलाखतीतलं, व्हॉट्सॲपवरचं, कुणीतरी सांगितलेलं वाक्य चालणार नाही. बाबरी मशिदीबद्दलची त्याची विधानं, इस्लामबद्दलची पुस्तकं, आणि २०१२ मध्ये मुंबईत त्याला जीवनगौरव दिल्यावर त्याच व्यासपीठावरून गिरीश कार्नाड यांनी केलेली घणाघाती टीका, हे सगळं निघणारच. निघू द्या. पण शेवटच्या वीस मिनिटांत. आधी निघालं तर दोन तंबू पडतात आणि उरलेला वेळ तंबूंचे खुंटे ठोकण्यात जातो.

‘ॲन एरिया ऑफ डार्कनेस’ हे १९६२ च्या त्याच्या पहिल्या भारतभेटीचं पुस्तक. उघड्यावरच्या शौचाबद्दलचा प्रसिद्ध भाग इथलाच. त्याच्याबरोबर मुंबईचे इंग्रजी कवी निसीम एझिकेल यांचा ‘नायपॉल्स इंडिया अँड माइन’ हा निबंध जरूर घ्या. घाण नाही असं एझिकेल म्हणत नाहीत. त्यांचं भांडण नायपॉलच्या त्राग्याशी, इथे राहावं लागत नाही अशा माणसाच्या घाईशी आहे. टीकेला टीका कशी करावी याचा हा आपल्याकडचा उत्तम नमुना आहे. देशभक्तीचा आव नाही, लेखकाच्या गुणांना नकार नाही.

मग ‘मिलियन म्यूटिनीज’ची पहिली पानं. नायपॉल मुंबईत उतरतो, गाडीतून जाताना रस्त्याच्या कडेनं उभी असलेली लांबच लांब रांग बघतो, आणि ही आंबेडकर जयंतीची गर्दी आहे हे त्याला नंतर कळतं. पुढे याच पुस्तकात तो नामदेव ढसाळांना भेटतो. १९६४ चा नायपॉल आणि हा नायपॉल यांत फरक आहे : इथे तो माणसांना बोलू देतो, पानंच्या पानं.

काम असं द्या : रांगेच्या प्रसंगात प्रत्येक वाक्यापुढे समासात लिहायचं की हे सांगताना लेखक कुठे आहे. गाडीत, काचेआड, की नंतर टेबलाशी? धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीच्या रांगेत उभे राहिलेले लोक वर्गात असतील, नागपुरात ते असतातच. त्यांना विचारा की रांगेच्या आतून काय दिसतं जे गाडीतून दिसत नाही, आणि गाडीतून काय दिसतं जे रांगेतल्याला दिसत नाही. दुसरा अर्धा प्रश्न विसरू नका. तो विसरला की बैठक फक्त नायपॉलला दोषी ठरवून संपते, आणि ते फार सोपं आहे.

एक सूचना संयोजकासाठी. ज्यांच्याकडे रांगेचा अनुभव आहे त्यांना ‘तुमच्या समाजाला काय वाटतं’ असं विचारू नका. वाक्याबद्दल विचारा. त्यांनाही पेन्सिल दिलेली आहे.

सहावी बैठक : माणूस

पॅट्रिक फ्रेंच यांनी लिहिलेलं अधिकृत चरित्र २००८ मध्ये आलं. पत्नी पॅट्रिशियाशी त्याचं वागणं किती निष्ठुर होतं हे त्यात नायपॉलच्याच संमतीनं आणि त्याच्याच शब्दांत नोंदलं आहे. यावर ‘माणूस आणि लेखन वेगळं ठेवावं का’ अशी परिसंवादी चर्चा लावू नका, तिला शेवट नसतो. त्याऐवजी ‘मिगेल स्ट्रीट’मधल्या बायकांचे प्रसंग पुन्हा काढा, मार खाणाऱ्या, सोडून जाणाऱ्या, घर चालवणाऱ्या. निवेदक पोरगा तिथे हसतो का, आणि आता तुमची हसण्याची रेघ कुठे सरकली? दुसऱ्या बैठकीतल्या खुणांवर वेगळ्या रंगाच्या पेन्सिलीनं नवी खूण करा. काहींची रेघ सरकणार नाही. त्यांना सरकवायला लावू नका.

शेवटच्या पाऊण तासात प्रत्येकानं तीनशे शब्दांचं टिपण लिहायचं. विषय एकच : निवेदक विमानाकडे जाताना मागे का बघत नाही. दुसऱ्या बैठकीतले वाक्यांचे नियम लागू. टिपणं एकत्र टाइप करून स्पायरल बाइंडिंग केलं तर पुढच्या तुकडीला उपयोगी पडतात. नावं घालायची की नाही ते लिहिणाऱ्याला ठरवू द्या.

पुढचा वर्ग घ्यायचा असेल तर सॅम सेल्व्हन घ्या. तोही ट्रिनिडाडचाच, तोही १९५० सालीच इंग्लंडला गेला. ‘द लोनली लंडनर्स’ हे त्याचं १९५६ चं पुस्तक सव्वाशे-दीडशे पानांचं आहे आणि त्यात संवादच काय, निवेदनसुद्धा बोलीत आहे. तेव्हा पहिल्या बैठकीत इंग्रजी दुरुस्त करणाऱ्या मंडळींना वाचायला सर्वांत आधी बसवा.